त्र्यंबकरावांची बासरी आणि कलम तीन

छंद माणसाला लहानपणी जडतो आणि नोकरी लागली की सुटतो, हा सृष्टीचा नियम आहे. सुटलेला छंद पुन्हा धरायचा तर मंडळ लागते, हा डोंबिवलीचा नियम आहे. दोहोंत डोंबिवलीचा नियम अधिक भक्कम, कारण त्याला सूचक आणि अनुमोदक असतो.

१९५४ च्या उन्हाळ्यात त्र्यंबकराव खांबेटे निवृत्त झाले आणि त्यांनी माळ्यावरून बासरी काढली. लग्नाआधी ते ती सुरेख वाजवीत. (लग्न तिच्यामुळेच जमले, असे सुमतीबाई सांगत. लग्नानंतर ती बंद पडली, हा योगायोग.) आता मात्र घाई होती. पुढचे दात हलताहेत, दिवाळीच्या आत काढावेच लागतील, असे दातांच्या डॉक्टरांनी बजावले होते. दात गेले की सूरही जाणार. म्हणजे त्र्यंबकरावांच्या हातात एक पावसाळा होता.

दुसरा कोणी असता तर त्याच संध्याकाळी वाजवत बसला असता. त्र्यंबकराव पडले जबाबदार गृहस्थ. त्यांनी 'सुटलेले छंद पुनरारंभ मंडळ' काढले आणि स्वतः चिटणीस झाले.

सभासदांना तोटा नव्हता. एकाची पेटी सुटली होती, एकाचे बुद्धिबळ, एकाचा व्यायाम (हा सुटलेला दिसतच होता). घटना लिहिली शेजारच्या विश्रामपंतांनी. सगळा जन्म कोर्टात कारकुनी केलेली, त्यामुळे कलम तीन फारच चोख उतरले: ज्याचा छंद किमान एक तप सुटलेला आहे तोच सभासद, उद्घाटनापूर्वी कोणी छंद केल्यास तो सुटलेला नाही असे समजून त्याचे नाव कमी करावे. यात खोट काढायला ब्रह्मदेवालाही जागा नव्हती.

चाळीचे मालक काळुराम केणे हौसेने आले. "आमाला पन घ्या. ढोलकी वाजवतंय मी."

"सोडलीत कधी?" विश्रामपंतांनी विचारले.

"सोरतंय कनाला? रोज वाजवतंय."

मंडळाने खेद व्यक्त केला. एक तप ढोलकीला हात न लावता पुन्हा यावे, असे त्यांना सुचवण्यात आले. काळुराम "बरां" म्हणाले आणि घरी जाऊन वाजवायला बसले. त्या आवाजाने पुढच्या बैठकीत फार व्यत्यय आला.

आषाढ घटनेच्या दुरुस्त्यांत गेला, श्रावण उद्घाटनाच्या तारखेत. हार कोणी घालायचा यावर भाद्रपद पुरला नाही. एके दिवशी सुमतीबाई म्हणाल्या, "अहो, दार लावून हळूच वाजवा. कोणाला कळतंय?"

"अगं, मी चिटणीस आहे."

"मला एकदा ऐकायची होती हो."

त्र्यंबकरावांनी बासरी ओठांपर्यंत नेलीही. मग कलम तीन आठवले आणि त्यांनी ती पुसून ठेवून दिली.

दसऱ्याला पाहुण्यांना सवड नव्हती. उद्घाटन दिवाळीनंतर झाले, दात दिवाळीआधी गेले. त्र्यंबकरावांनी भर सभेत बासरी फुंकली तेव्हा पहिल्या रांगेला गार वारा लागला. टाळ्या मात्र कडकडून पडल्या. मग पेटी वाजली, बुद्धिबळाचा डाव झाला, व्यायामवाल्यांनी एक जोर काढला. (दुसरा पुढच्या कार्यक्रमात.)

विश्रामपंतांनी लगेच कायद्याचा मुद्दा काढला. ज्यांचा छंद पुन्हा सुरू झाला तो सुटलेला राहिला नाही, म्हणून कलम तीनप्रमाणे त्या सर्वांची नावे कमी झाली. कायमचा सुटलेला असा छंद उरला एकच. त्र्यंबकराव तहहयात अध्यक्ष म्हणून बिनविरोध निवडून आले आणि इतके हरखले की बोळक्या तोंडाने त्यांनी पाऊण तास आभार मानले. सुमतीबाईंनी घरी त्यांना कौतुकाने ओवाळले आणि त्या काळुरामांकडे ढोलकी ऐकायला गेल्या.

मंडळाचे कार्य जोमाने चालू आहे. वाचकांपैकी कोणाला सभासद व्हायचे असल्यास अर्जाची तसदी घेऊ नये. हाताशी असलेला मोकळा वेळ तुम्ही दुसऱ्याच्या बासरीविषयी वाचण्यात घालवलात, एवढ्यावरून मंडळाने तुमचे नाव घालून घेतले आहे.