यादीतली दीपा

"जय भीम, महेंद्रराव. तुमची बहीन आजून लग्नाचीच हाय का?"

सोनईहून भिमाजींचा, म्हणजे दीपाच्या होणाऱ्या सासऱ्यांचा, फोन होता. साखरपुडा होऊन चार दिवससुद्धा झाले नव्हते.

"असं काय म्हणता, मामा?"

"मंग तुमच्या त्या इंटरनेटवरच्या यादीत ती कशी? फोटोसकट! का आजून चांगलं स्थळ बगताय?"

यादी महेंद्रचीच. नव्याण्णव साल होतं. राहात्यात घराच्या पुढच्या खोलीत त्याचा कॉम्प्युटर क्लास होता आणि समाजाच्या वधू-वर मंडळाची वेबसाइट काढून त्याने भरपूर वाहवा मिळवली होती. दीपाचं नाव तर त्याने सकाळीच काढलं होतं. "पाच मिनिटं द्या," म्हणून त्याने फोन ठेवला.

लाइन मंद, म्हणून त्याने एक शहाणपणा केला होता. दर वेळी यादी नव्याने न मांडता एकदा मांडलेलीच साठवून ठेवायची आणि सगळ्यांना तीच दाखवायची. तिथेच जुनी प्रत राहिली असणार. त्याने ती पुसली आणि सोनईला फोन लावला.

"हाय की! तशीच हासतीया."

मग त्याने दीपाची सगळी माहितीच उडवली. तरी भिमाजींकडे दीपा होतीच. मागे त्याची आई, विमलबाई, येरझाऱ्या घालत होत्या. "तुझ्या त्या डबड्यापायी माझ्या लेकीचं लग्न मोडतंय बघ!" दीपा दाराशी उभी होती. तिचा उतरलेला चेहरा बघून महेंद्रला गलबलून आलं, आणि त्या भरात त्याने अख्खी यादी साफ केली. बेचाळीस मुली एका दणक्यात गेल्या.

इंटरनेट तोडताच फोन वाजला. नगरच्या सायबर कॅफेतून यादीतल्या एका मुलीची आई, लंकाबाई, ओरडत होत्या, "आमची पुष्पावती कुठं गेली रं?" त्यांना कसंबसं गप्प करून त्याने पुन्हा सोनई गाठली.

"आता कुणीच नसेल, मामा."

"सगळ्या हायेत! हे काय, पान उगडंच हाय माझ्यासमोर."

महेंद्र एकदम थबकला. "मामा, तुमच्याकडे फोन किती?"

"येकच. का?"

"इंटरनेट त्याच फोनवरून येतं ना? मग आपण बोलत असताना ते पान येतंय कुठून?"

पलीकडून आरोळी आली, "सम्राट!"

पुण्याहून सुटीवर आलेले नवरदेव फोनवर आले. "दादा, इंटरनेट लावलं की फोन अडकतो, बाबा चिडतात. म्हणून मागच्या महिन्यात ते पान आमच्याच कॉम्प्युटरवर साठवून ठेवलंय. अधूनमधून बघायला."

"यादी?"

"यादी नाही हो." आवाज अगदी बारीक झाला. "फोटो."

"दीपाचा?" महेंद्रने मुद्दाम मोठ्याने विचारलं. "रोज बघता?"

दारातून दीपा पसार झाली. महेंद्रचा जीव भांड्यात पडला. "मामांना द्या. ते पान पुसायचं कसं, सांगतो."

भिमाजींनी फोन घेतला आणि खाकरले. "ऱ्हाऊ द्या, पुसू नगा. पन महेंद्रराव, लग्नाची तारीख तेवढी आलीकडं घ्या. पोरगं दिसभर त्या कॉम्प्युटरम्होरच्या खुर्चीतनं उठत न्हाई."