खानविलकर आणि राज्यशास्त्राचं कर्ज

आमच्या वाशीच्या इमारतीत तळमजल्यावर खानविलकर राहायचे. रोज सकाळी दूध आणायला निघाले, की ते दारातच वाकत आणि खिशातली फूटपट्टी काढून जोत्याची उंची मोजत. सगळी वसाहत खाडीत भराव घालून उभी केलेली, तेव्हा ती एक ना एक दिवस परत खाडीत जाणार, याबद्दल त्यांच्या मनात शंका नव्हती. "आज अर्धं सूत खाली," असं ते गंभीरपणे सांगत, आणि मी कामावर निघताना उगाचच हलक्या पावलांनी फाटकापर्यंत जाई.

'धरून चालू' हे त्यांचं पालुपद. "आपण वाईटच धरून चालू, देसाई. चांगलं झालं तर कुणाचं काय जातंय?" घरात गॅस आला तेव्हा ते स्फोट धरून चालले आणि सहा महिने स्टोव्हवरच स्वयंपाक झाला. बायको गेली तेव्हा मात्र त्यांनी काहीच धरलेलं नव्हतं. तेव्हापासून घरात ते आणि मुलगी सुनंदा, दोघंच.

सुनंदा राज्यशास्त्र घेऊन बी.ए. झाली, चांगल्या मार्कांनी. एम.ए.साठी तिला पुण्यात प्रवेश मिळाला. हॉस्टेलचा खर्च खानविलकरांच्या कारकुनी पगारात बसणार नव्हता, पण सरकारची कर्जाऊ शिष्यवृत्ती मिळत होती. नोकरी लागली की हप्त्यांनी फेडायची. अर्जावर वडिलांची सही हवी होती आणि मुदत पंधरा दिवसांची होती.

खानविलकरांची झोप उडाली. राज्यशास्त्र शिकलेली माणसं आज काय कमावतात, हे शोधत ते वही घेऊन हिंडू लागले. मी त्याच विषयातला एम.ए. आणि बेलापूर रोडवरच्या एका केमिकल कंपनीत टाइम-कीपर. पहिला मीच सापडलो.

"सार्वभौमत्व म्हणजे काय, ते येतं तुम्हाला?"

"येतं."

"आणि कंपनीत काय करता?"

"कामगारांची हजेरी मांडतो."

"त्यात सार्वभौमत्व किती लागतं?"

त्यांनी वही उघडली. मग पगार विचारला, तो वहीत लिहिला, आणि आजाऱ्याला भेटून निघालेली माणसं दारातून वळून बघतात तसं माझ्याकडे बघितलं. त्या दिवसापासून मला माझ्याच पगाराची भीती वाटायला लागली.

नंतर त्यांना एक विमा एजंट सापडला, आणि पनवेलला टायपिंगचा क्लास चालवणारा एक जण. दिवाळे गावाहून मासे घेऊन येणाऱ्या हिराबाईलाही त्यांनी सोडलं नाही. ती म्हणाली, "काका, माजा पोऱ्या कायच शिकला नाय. तरी त्याच्यावं कर्ज हाय. मासं धरायच्या जाल्याचं."

"म्हणजे न शिकताही?" खानविलकर पांढरेफटक पडले. ही शक्यता त्यांनी धरलेलीच नव्हती.

घरात रोज तेच. "धरून चालू, नोकरी नाही लागली. कर्जासकट मुलगी कोण करील? उद्या मीच गेलो तर?" सुनंदा मुकाट्यानं ऐकून घ्यायची. एकदा म्हणाली, "बाबा, नको असेल तर तसं सांगा. मी टायपिंग शिकते." त्यानं ते जास्तच घाबरले.

मुदत संपायच्या आदल्या संध्याकाळी ते माझ्याकडे आले. अर्जावर सही नव्हती. वही माझ्यापुढे सरकवून म्हणाले, "बघा." हिशेब स्वच्छ मांडलेला होता. कमीत कमी पगार, म्हणजे माझा, धरूनसुद्धा कर्ज फिटत होतं.

"अहो, फिटतंय की!"

"फिटतंय," ते म्हणाले. कुणी गेल्याची बातमी द्यावी तशा आवाजात.

"हा हिशेब केलात कधी?"

"तिसऱ्याच दिवशी."

"मग एवढ्या लोकांना कशाला गाठलंत?"

त्यांनी वही मिटली. "कुणीतरी नको म्हणेल, असं वाटलं होतं. कर्जाचे हप्ते पाडून देतात, देसाई. रोज संध्याकाळी येऊन आपणच कुलूप काढायचं, त्याचं काय करू?"

मी पेन पुढे केलं. सही इतकी वाकडी आली, की खाली नाव पुन्हा सुवाच्य लिहावं लागलं.

कर्जाचं काय झालं, तेही सांगून टाकतो. एम.ए. झाल्यावर सुनंदाला वर्षभर नोकरी नव्हती. ते वर्ष खानविलकरांनी कसं काढलं, ते इमारतीला ठाऊक. मग ती एका कॉलेजात लागली आणि सगळे हप्ते तिनं स्वतः फेडले.

पण मला आठवतो तो ती पुण्याला गेली तो रविवार. ट्रंक उचलायला मी हायवेवर गेलो होतो. एस.टी. आली, सुनंदा चढली, आणि मागोमाग खानविलकरही चढले. "पनवेलपर्यंत सोडून येतो," म्हणाले.

दुपार गेली, दिवे लागले, तरी त्यांचा पत्ता नाही. घाट, दरड, अपघात, सगळं एकेक करून मीच धरून चालायला लागलो. फाटकाशी माझ्या दहा फेऱ्या झाल्या. अखेर ते आले, धुळीनं माखलेले.

"होतात कुठे?"

"पनवेलला उतरवेना. मग खोपोलीचं तिकीट काढलं. मग लोणावळ्याचं. कंडक्टर वैतागला. म्हणाला, काका, एकदाच काय ते ठरवा."

"मग पुण्यापर्यंतच जायचंत!"

ते चप्पल काढता काढता थांबले.

"पुण्याला ती म्हणाली असती, बाबा, आता तुम्ही जा. म्हणून लोणावळ्याला मीच उतरलो."