विंगेतले वामनराव

आमच्या कर्जतच्या हौशी नाटकमंडळीचा प्रॉम्प्टर तोतरा होता. बाहेरगावच्यांना ही थाप वाटते. पण वामनरावांची जीभ अडायची ती मोठ्याने बोलताना. कुजबुजू लागले की ते तालुक्यातल्या कुठल्याही वकिलापेक्षा सफाईदार बोलत. म्हणून सगळा संसारच ते कुजबुजून करीत. भाजीवालीच्याही कानाशी लागत.

"आवो दादा, वांगीच घेताय ना?" ती बाजारभर ऐकू जाईल अशी ओरडायची. "मंग कानात कशाला सांगताय? माल चोरीचा नाय माझा!"

भातगिरणीतली कारकुनी आटोपली की वामनराव वाचनालयात बसत आणि नव्या नाटक-कादंबऱ्यांवर संतापत. आधुनिक लेखकाने आपली एक सोय करून ठेवली आहे. रडवायचं असलं की तो आंधळी मुलगी आणतो, हसवायचं असलं की तोतरा नोकर.

"ले-ले-लेखक गा-गाढव आहे!" वामनराव गरजत. मग आवाज उतरवून माझ्या कानात म्हणत, "हा नोकर 'चहा' म्हणताना अडतो हो. चहाला कोण अडतं? माणूस अडतो आपल्या माणसाच्या नावाशी."

हे ते अनुभवाने सांगत. स्वतःच्या लग्नात नाव घ्यायची वेळ आली तेव्हा ते 'जा'पाशी जे अडले, ते 'नकी'पर्यंत पोचलेच नाहीत. बायका हसून लोळल्या आणि पंगत उठली. तसं त्या काळी बायकोला नावाने हाक मारणारा नवरा तालुक्यात शोधून सापडला नसता. पण बाकीच्यांनी निदान लग्नात एकदा नाव घेतलं होतं.

"घरी घ्या की कुजबुजून," मी एकदा सुचवलं.

"ते धरत नाहीत," वामनराव म्हणाले. "नाव चार माणसांत ऐकू जावं लागतं."

अशात आमच्या चालकांनी, म्हणजे नानांनी, नवं नाटक निवडलं. त्यातला तोतरा नोकर लग्नात बायकोचं नाव घेताना अडतो आणि मांडव हसतो. प्रयोग भिवपुरीला, विजेच्या कारखान्याच्या वसाहतीत.

"प्र-प्रवेश गाळा," वामनराव म्हणाले.

"अहो, सगळं नाटक त्यावर उभं आहे. तुमच्यावर थोडंच लिहिलंय?"

वामनराव नानांच्या कानाशी गेले. "ती पहिल्या ओळीत बसणार आहे."

"मग वहिनींना छान दिसेल!" नाना खूश होऊन म्हणाले.

नोकराचं काम बंडोपंतांकडे होतं. बंडोपंतांचा आवाज खणखणीत आणि पाठांतर शून्य. विंगेतून येईल ते जसंच्या तसं बाहेर टाकायचं, ही त्यांची अभिनयकला. मागच्या नाटकात वामनराव "मिशी सुटतेय" म्हणाले, तर तेही त्यांनी राणीला भरल्या गळ्याने ऐकवलं.

प्रयोग दिवेलागणीला सुरू झाला. विजेच्या दिव्यांत आमचे रंग भलतेच उघडे पडत होते. पडद्याची दोरी धरून मी वामनरावांच्या शेजारी उभा होतो. तो प्रवेश आला. मुंडावळ्या बांधलेले बंडोपंत पुढे झाले, प्रेक्षक आधीच खुसखुसू लागले. वामनरावांनी हातातलं पुस्तक मिटलं आणि ते कुजबुजले. बंडोपंतांनी नेहमीच्या इमानाने ते गर्जून सांगितलं:

"कोंडाण्याच्या डोंगरात पाण्याचा झरा,
जानकीचं नाव घेतो, माणूस मी खरा!"

कुठे अडलं नाही, कुठे सांडलं नाही. हसायला उघडलेली तोंडं तशीच राहिली. नाना समोरच्या विंगेतून हातवारे करू लागले. बंडोपंत पुढच्या वाक्यासाठी कान टवकारून उभे, पण वामनराव गप्प. मग मात्र लोक हसले, ते बंडोपंतांना.

"अहो, पुढचं वाक्य!" मी म्हणालो.

वामनराव पडद्याच्या फटीतून बायकांच्या बाजूला बघत होते. मीही वाकून पाहिलं. सगळी वसाहत बंडोपंतांकडे बोट दाखवून हसत होती. पहिल्या ओळीतल्या जानकीवहिनी तेवढ्या आमच्या विंगेकडे बघत होत्या.