बिल्ला न लावता आलेले पाहुणे

माणूस भुकेपोटी जेवतो, हा समज सुधारलेल्या जगात आता मागे पडला आहे. भूक घरी भागते, उभ्या उभ्या, फ्रीजचं दार उघडं ठेवून. बाहेर माणूस जेवतो तो आपण कुणीतरी आहोत हे चारचौघांत शाबीत करायला. आणि त्यासाठी, जिथे आधी दिवसभर उन्हात रांगेत उभं करून तो कुणीही नाही हे त्याला नीट पटवून दिलं जातं, त्यापेक्षा योग्य जागा सापडणार नाही. म्हणूनच आमच्या फ्लोरिडात उंची जेवण मगरीच्या बागेत मिळतं.

बागेचं नाव 'ऑगस्टस मगरीचं राज्य'. मध्यभागी राजाचा किल्ला आहे (सिमेंटचा, जुना दिसावा म्हणून त्यावरचं शेवाळ दरवर्षी नव्याने रंगवतात). किल्ल्याच्या वरच्या मजल्यावर 'सोनेरी शेपूट' हे राजेशाही भोजनगृह. बुकिंग साठ दिवस आधी पहाटे सहाला उघडतं आणि सहा वाजून चार मिनिटांनी संपलेलं असतं. आत हाफ पँट चालत नाही. पण हाफ पँटवाल्याला परत पाठवावं इतकं हे राज्य निर्दय नाही. दाराशेजारच्या दुकानात फुल पँट विकत मिळते. ती हिरवी असते, तिच्यावर सोनेरी खवले असतात आणि मागे वीतभर कापडी शेपूट शिवलेलं असतं. आता फ्लोरिडाच्या उन्हात फुल पँट घालून बागेत येणारा माणूस अजून जन्मायचा आहे. त्यामुळे राज्यातल्या सगळ्यात प्रतिष्ठित दालनात दातांचे डॉक्टर, बँकांचे अधिकारी, निवृत्त न्यायाधीश हे सगळे शेपटं लावून बसलेले दिसतात. खुर्चीच्या पाठीला शेपटासाठी भोक ठेवलेलं आहे. दूरदृष्टी म्हणतात ती हीच.

ओहायोतल्या लायमा गावची ग्लेंडा क्रॅबट्री या दालनात नवऱ्यासोबत रात्रीचं जेवायला बसली, तेव्हा दुपारचे चार वाजून दहा मिनिटं झाली होती. (बुकिंग त्याच वेळेचं मिळालं होतं. राजे लोक लवकर जेवत असतील, असं तिने मनाला समजावलं.) नवरा वेंडेल. धंदा घरांच्या छपरांच्या पन्हळी साफ करण्याचा. शेपूट भोकातून बाहेर काढून तो समाधानाने टेकला होता.

ग्लेंडाच्या उजव्या खांद्यावर दोन बारीक भोकं होती. तिथे मघापर्यंत बिल्ला होता.

बिल्ल्याशिवाय ही गोष्ट कळायची नाही. बागेच्या दारात बिल्ले फुकट वाटतात: 'आज माझा वाढदिवस', 'आमचा हनीमून', 'आज आमच्या लग्नाचा वाढदिवस'. बिल्ला दिसला की नोकरमंडळी अभिनंदन करतात आणि जेवणानंतर काहीतरी गोड फुकट येतं. ही गोष्ट कळल्यापासून या देशातल्या विवाहसंस्थेला चांगले दिवस आले आहेत. दारातून आत जाणाऱ्या जोडप्यांपैकी शेकडा एकाहत्तर जोडप्यांचा त्या दिवशी लग्नाचा वाढदिवस असतो. हिशेबच मांडला, तर अमेरिकेतली बहुतेक लग्नं बागेच्या दारातच, सकाळी नऊच्या सुमारास, गाडी लावून झाल्यावर लागलेली असावीत.

क्रॅबट्री दांपत्याचा वाढदिवस रविवारी खेकड्यांच्या खानावळीत झाला (दोन कपकेक). सोमवारी पॅनकेकच्या दुकानात झाला (मगरीच्या आकाराचा एक पॅनकेक, शेपूट करपलेलं). मंगळवारी आणि बुधवारीही झाला. हनीमूनवाल्यांना जास्त मिळतं असं वेंडेलच्या ध्यानात आलं होतं आणि बिल्ला बदलावा का याचा त्याने गंभीरपणे विचारही केला. पण ग्लेंडाच्या गुडघ्याला पट्टा होता आणि वेंडेल दर अर्ध्या तासाने बाकडं शोधत होता. पुरावा उलट जात होता.

ग्लेंडाने चारही दिवस बिल्ला मिरवला. केक खाल्ले. टाळ्या वाजल्यावर लाजलीसुद्धा. तिची तक्रार नव्हती, कारण ती गुरुवारची वाट बघत होती. गुरुवारी ऑक्टोबरची चौदा तारीख होती, आणि एकतीस वर्षांपूर्वी लायमाच्या चर्चमध्ये वेंडेल क्रॅबट्रीशी तिचं लग्न झालं ते चौदा ऑक्टोबरलाच.

वेंडेलने सहल ठरवली ती ऑक्टोबरात शाळा सुरू असतात आणि खोल्या स्वस्त मिळतात म्हणून. 'सोनेरी शेपूट'चं बुकिंग उघडण्याचा दिवस, तास, मिनिट त्याला पाठ होतं. त्या पहाटे दोन फोन आणि मुलीचा लॅपटॉप मांडून तो स्वयंपाकघरात बसला होता, जणू चंद्रावर माणूस पाठवायचाय. ग्लेंडाला एवढंच हवं होतं, की या माणसाने चौदा तारखेला, खांद्यावर वाचून नव्हे, आपल्या आपण म्हणावं, "ग्लेंडा, आज आपलं लग्न झालं होतं." वय चौपन्न, गुडघ्याला पट्टा, आणि अपेक्षा अठराव्या वर्षाची. तिचं तिलाच हसू येत होतं. पण अपेक्षेला कुठे गुडघे असतात!

सकाळी डोळे उघडताच वेंडेल म्हणाला होता, "उठ राणी! आज मोठा दिवस!"

ती उठून बसली. "तुझ्या लक्षात आहे?"

"लक्षात? साठ दिवस झोपलो नाहीये मी! आज सोनेरी शेपूट!"

दुपारी भोजनगृहाच्या दाराशी आल्यावर तिने बिल्ला काढून पर्समध्ये टाकला.

"अगं, हे काय? काढलास कशाला?"

"पिन टोचते."

"चार दिवस टोचली नाही ती? आज टोचून घे की! इथला केक बघितलायस का? अठ्ठावीस डॉलरचा आहे, विकत घेतला तर!"

"आज नाही लावणार, वेंडेल."

बायका या वयात अशा वागतात, असं त्याने कुठेतरी वाचलं होतं. त्याने विषय सोडला. केक सोडला नव्हता.

वेटर आला. त्याच्या छातीवर 'सरदार आर्मांडो' असं लिहिलं होतं. एरवी तो बाजूच्याच गावात राहणारा, दोन बस बदलून येणारा साधा मुलगा. पण या दालनात ताट उचलायलाही सरदारकी लागते. त्याने आधी लोणी आणलं. लोणी पाच प्रकारचं होतं: धुरी दिलेलं, समुद्रशेवाळाचं, लॅव्हेंडरचं, करपवलेल्या लसणाचं आणि एक नुसतं (याला 'शेतकऱ्याचं' म्हणतात, त्याची किंमत सगळ्यात जास्त). पाव एक होता.

"महाराज, राणीसरकार, आज आपण काय साजरं करतो आहोत?" त्याने हातातलं यंत्र पुढे धरलं.

"काही नाही," ग्लेंडा म्हणाली. "जेवायला आलोय."

आर्मांडोचा चेहरा उतरला. "काही... नाही? राणीसरकार, काहीतरी सांगा ना. हा रकाना भरल्याशिवाय यंत्र पुढेच सरकत नाही."

"मग लिही, भूक लागली म्हणून."

त्याने यादी वरपासून खालपर्यंत सरकवली. वाढदिवस, साखरपुडा, निवृत्ती, आजारातून उठणे, घटस्फोट. "भूक नाहीये यात," तो खऱ्या खेदाने म्हणाला. शेवटी त्याने 'इतर'वर बोट ठेवलं आणि दोघांकडे हॉस्पिटलात बघतात तसं बघून निघून गेला.

दालनात अडतीस टेबलं होती. सदतिसांवर बिल्ले होते.

जेवण सात वाढपांचं होतं. पहिल्यांदा धुकं आलं. काचेची हंडी उचलल्यावर ते निघून गेलं आणि खाली एक वाटाणा सापडला. मग मासा आला, त्याच्या शेजारी त्याच माशाची आठवण म्हणून चमचाभर फेस. वेंडेल प्रत्येक वाढपाला "वा!" म्हणत होता आणि डोळ्यांच्या कोपऱ्यातून शेजारच्या टेबलावरच्या पोराची चीज घातलेली मॅकरोनी बघत होता. ती पोरांनाच मिळते. मोठ्यांनी चव समजून घ्यायची असते.

ग्लेंडा दर वाढपाला त्याला संधी देत होती.

"आज हवा अगदी तशीच आहे, नाही?"

"कशी?"

"अशीच. ऑक्टोबरची."

"दमट आहे," वेंडेल म्हणाला. "या पँटीत तर फार घाम येतोय."

चौथ्या वाढपाला तिने बोटातली अंगठी फिरवली. पाचव्याला त्याच्या भावाचं नाव काढलं, जो लग्नात दारू पिऊन चर्चच्या कारंज्यात पडला होता. वेंडेलला कारंजं आठवलं, भाऊ आठवला, भावाने अजून न परत केलेली शिडीही आठवली. लग्न तेवढं मधून गळलं.

मग दालनात फुकटच्या गोडाची वेळ झाली.

घंटा वाजली. खुद्द ऑगस्टस राजा आला (मगरीच्या कातड्यात कुणीतरी होतं, त्याच्या श्वासाचा आवाज टेबलापर्यंत ऐकू येत होता). मागे सरदार, आणि प्रत्येकाच्या हातात साखरेच्या तारांनी विणलेला किल्ला, त्याभोवती चॉकलेटची मगर, तिच्या शेपटाला खरा सोन्याचा वर्ख. टेबलाटेबलावर तेच गाणं. सदतीस वेळा. सदतीस वेळा नवऱ्यांनी डोळे पुसले. आणि क्रॅबट्रींच्या टेबलावर आर्मांडोने दोन लहान वाट्यांत लिंबाचा बर्फ ठेवला, आवाज न करता, जसं झाकलेलं प्रेत बघायला आलेला माणूस फुलं ठेवतो.

वेंडेलने बर्फाकडे बघितलं. किल्ल्यांकडे बघितलं. माणसाच्या सहनशक्तीला मर्यादा असते. तो उठला, शेपूट भोकात अडकलं, खुर्चीसकट अर्धा उभा राहिला आणि ओरडला, "आमच्याही लग्नाचा वाढदिवस आहे! आजच! ही लाजते म्हणून बोलत नाही!"

कारभारीण बेव्हर्ली धावत आली. तिचं हसू कंपनीने दिलेलं होतं, ते तिने घालूनच ठेवलं होतं. तिने यंत्र बघितलं.

"अभिनंदन, महाराज! फक्त एक बारीकशी गोष्ट. आपला हा वाढदिवस रविवारी खेकड्यांकडे झालाय. सोमवारी पॅनकेककडे. मंगळवारी, बुधवारी..." तिने आवाज खाली आणला, त्यामुळे सगळं दालन ऐकू लागलं. "नियमाप्रमाणे एका जोडप्याला वर्षात एकच लग्न-वाढदिवस मिळतो. वरचे तीन आम्ही प्रेमाने पोटात घातले."

वेंडेल खाली बसला. त्याचं शेपूट आपोआप आत गेलं.

ग्लेंडाला तेव्हा गप्प बसता आलं असतं. बर्फ खाऊन उठता आलं असतं. पण समोरच्या टेबलावर एक बाई किल्ल्याचा बुरूज मोडत होती, त्याचा कुरकुर आवाज येत होता, आणि ती म्हणाली, "आज खरंच आहे."

म्हणताना तिचा आवाज फाटला.

वेंडेलने टेबलाखालून तिला पाय मारला. तो तिच्या कानाशी वाकला, चेहऱ्यावर एकतीस वर्षांत न दिसलेला आदर. "काय करतेस ग्लेंडा तू! डोळ्यांत पाणीपण! कमाल आहे बाई तुझी!"

"पुरावा काही?" बेव्हर्लीने मायेने विचारलं.

"अंगठी. आत तारीख कोरलीय."

अंगठी निघेना. लग्नातलं बोट आणि आताचं बोट यांच्यामध्ये बरीच जेवणं झाली होती. आर्मांडो ओढू लागला, शेजारचे दातांचे डॉक्टर सल्ला देऊ लागले (त्यांना ओढून काढण्याचा सराव होता), तीन-चार टेबलांवरून फोन वर झाले. शेवटी ग्लेंडाने धुरी दिलेलं लोणी बोटाला चोपडलं. अंगठी सुटली आणि लॅव्हेंडरच्या लोण्यात पडली. इतक्या प्रकारच्या लोण्यांचा काहीतरी उपयोग असणार, हे तिला तेव्हा पटलं.

बेव्हर्लीने रुमालाने अंगठी पुसली, दिव्याला लावली आणि वाचलं, "वेंडेल, ग्लेंडा. चौदा ऑक्टोबर." मग यंत्र बघितलं. मग पुन्हा अंगठी. "आज," ती म्हणाली, आणि तिचं कंपनीचं हसू क्षणभर गळून पडलं. चार वर्षांच्या नोकरीत तिला भेटलेला हा पहिलाच खरा वाढदिवस होता.

घंटा वाजली. दालन उठून उभं राहिलं, शेपटं हलली. राजा गुडघ्यावर बसला आणि त्याला उठवायला दोन सरदार लागले. किल्ला आला.

वेंडेल मात्र तोंड उघडं टाकून बघत होता. ओठ हलत होते. मनात बोटं मोजत असावा. ग्लेंडा त्याच्याकडे बघत राहिली. आता म्हणेल. उशिरा का होईना, आता म्हणेल.

"अगं," वेंडेल मनापासून हळहळत म्हणाला, "मग आधी नाही का सांगायचंस? खऱ्या दिवशीच बिल्ला काढून ठेवलास!"

हा माणूस दुष्ट नव्हता. दुष्ट असता तर तारीख लक्षात ठेवली असती, वेळेला वापरायला.

ग्लेंडा हसायला लागली. इतकी हसली की गुडघ्याचा पट्टा सुटला. नवऱ्याला हसत होती असं दालनाला वाटलं. ती हसत होती स्वतःला. आपण होऊन त्याला आठवावं म्हणून बिल्ला काढणारी बाई अखेर लोणी लावून, अंगठी उपसून, कारभारणीकडून आपलं लग्न मंजूर करून घेऊन बसली होती. आणि ते 'आज खरंच आहे' नवऱ्यासाठी होतं, की त्या कुरकुरणाऱ्या बुरुजासाठी, हे देवाने विचारलं असतं तरी तिला सांगता आलं नसतं. तिने बशी आपल्याकडे ओढली आणि मगरीचं सोन्याचं शेपूट पहिल्यांदा स्वतः खाल्लं. चव चॉकलेटचीच होती.

वेंडेलने पर्समधून बिल्ला काढून स्वतःच्या छातीवर लावला, उलटा. मग फोन काढला. "पुढच्या वर्षी चुकणार नाही. आत्ताच घालून ठेवतो." दरवर्षी आठवण यावी म्हणून त्याने आजचंच, चौदा ऑक्टोबरचं पान उघडलं. तिथे आधीच लिहिलेलं होतं: 'सोनेरी शेपूट, ४.१०. कूपन विसरू नये.'

तर वाचकहो, वेंडेलला हसून झालं असेल तर एवढं करा. हातातला फोन उपडा ठेवा आणि आपल्या लग्नाची तारीख सांगा. आठवली? छान. आता आईचा वाढदिवस सांगा. शाळेच्या दाखल्यावरचा नको, खरा.

फोनला हात लावू नका म्हटलं ना.

असो. यायचं असेल तर या फ्लोरिडात. बिल्ले दारातच फुकट मिळतात. आणि पँटीची काळजी करू नका, तुमच्या मापाची आहे. शेपूट शिवून तयार आहे.