एका डिस्कचे दोन कौल

नूतनचा एकही निर्णय आजवर चुकला नव्हता, कारण तिनं एकही निर्णय स्वतः घेतलाच नव्हता! लग्न, घराचा पाया, इतकंच काय, दारचा शेवगा तोडायचा की ठेवायचा, सगळं तिनं रोह्याजवळच्या माहेरच्या देवीला कौल लावून केलं होतं. गुरव देवीच्या दोन्ही खांद्यांना ओल्या कळ्या लावतो. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. "आईनं सांगितलंय," एवढं नूतन मऊ आवाजात म्हणाली, की पेणच्या घरात पुढची चर्चाच संपायची.

पण यंदा चर्चा संपेना. कारण होतं त्यांच्या गणपतीच्या कारखान्यातला कॉम्प्युटर.

सकाळी बटण दाबून नूतन अथर्वशीर्ष म्हणायला बसायची. फलश्रुतीसकट संपलं, तरी पडद्यावरचं चाक आपलं फिरतंच! मग ती तुळशीला पाणी घालून यायची. चाक फिरतंच! हल्ली तर जात्यात खडा अडकल्यासारखं ते यंत्र आतून सारखंच कण्हायला लागलं होतं. आणि त्या कण्हणाऱ्या पोटात कारखान्याचा जीव होता. गिऱ्हाईक फोन करून सांगतं, "मागे दिली होतीत ना, तश्शीच मूर्ती हवी!" पीतांबर कुठल्या रंगाचा होता, उंदीर कुठल्या बाजूला होता, हे त्याला अजिबात आठवत नसतं, पण मूर्ती हातात घेतल्यावर उंदीर हललेला मात्र लगेच दिसतो! सगळ्या मूर्तींचे सगळे फोटो त्या एका जुन्या डिस्कमध्ये होते.

रोह्याला लागून असलेल्या अष्टमी गावात तिच्या मावसबहिणीच्या मुलाचं, साईराजचं, कॉम्प्युटरचं दुकान होतं. तो येऊन बघून गेला.

"मावशी, एसएसडी टाक, नव्या जातीची वेगवान डिस्क. या जुन्या डिस्कमध्ये एकदाच काय तो श्वास उरलाय. एकदाच कॉपी करायची, ती थेट नव्या डिस्कवर. मग बघ, बटण दाबलंस की चालू!"

"इतक्या लवकर?" नूतन जरा बावरली. अथर्वशीर्ष मग म्हणायचं कधी?

पण खरी अडचण वेगळीच होती. तिचे यजमान प्रवीण म्हणजे थांबण्यातले महर्षी! फ्रिज घ्यायला थांबले, ते मुलगा दहावी होईस्तोवर. "अगं, ही इलेक्ट्रॉनिक वस्तू म्हणजे पालेभाजी. बाजार उठताना उतरते." ही पालेभाजी दसऱ्यापेक्षा दिवाळीत महाग झाली आणि दिवाळीपेक्षा संक्रांतीत! साईराज सांगायचा, जगभरातल्या चिपा त्या एआयवाल्यांनी उचलल्यात. प्रवीण म्हणायचे, "उचलू देत. पोट भरलं की उतरेल."

कुणाचं पोट? कधी भरणार? तोवर आमचे गणपती गेले म्हणजे? नूतनच्या मनात असे प्रश्न कढईतल्या मोहरीसारखे तडतडत, पण तोंडातून एवढंच निघे, "बरं हो."

शेवटी एका सोमवारी, "बहिणीकडे जाते," असं सांगून तिनं रोह्याची गाडी पकडली. सोमवारी तिचा उपास असायचा, आणि त्या दिवशी कुणाला कठोर बोलायचं नाही असा नेमही. वाटेत कासू स्टेशन आलं तेव्हा तिला लाखोली वाहायचा मोह झाला, तीही नवऱ्याच्या नावाची. पण नेम म्हणून तिनं जपच केला.

देवळात जनू गुरवानं कळ्या लावल्या. नूतननं हात जोडले. "आई, डिस्क आत्ता घेऊ का?"

बघता बघता उजवी कळी टपकन पडली!

"कौल दिलान गो बाय आईन! घे बिनधास्त!" जनू म्हणाला.

नूतन तरंगतच रिक्षात बसली आणि अष्टमीत साईराजच्या दुकानात शिरली. तिथे स्टुलावर चहा पीत कोण बसलं असावं? प्रवीण! मोटरसायकल हाणत वडखळमार्गे तिच्या आधी हजर!

"अहो, आपण इथे कसे बरं?" नूतननं विचारलं. तिचा आवाज इतका गोड झाला, की साईराज घाबरून काउंटरमागे सरकला. मावशीचा आवाज जितका गोड, तितकं वादळ जवळ, हे त्याला लहानपणापासून माहीत होतं.

"मी... म्हणजे... तुझ्या देवीलाच विचारून आलो. सकाळीच," प्रवीण म्हणाले. "म्हटलं, देवीचं तरी तू ऐकशील. आई, थांबू का, असं विचारलं. उजवा कौल! म्हणून साईराजला सांगायला आलो, डिस्क राहू दे."

"शक्य नाही. मला आईनं आत्ताच सांगितलं, घे म्हणून."

"मलाही आईनंच सांगितलं, थांब म्हणून!"

"माझ्या माहेरची देवी माझ्याविरुद्ध कशाला बोलेल?"

"तेच म्हणतोय! माहेरची आहे म्हणून तुला बरं वाटावं असं काहीतरी बोलली असेल. पुरुष माणसाला स्पष्ट सांगते!"

आता मात्र हद्द झाली! सासू बोलली, नणंद बोलली, सगळं नूतननं गिळलं होतं. पण देवीवर पक्षपाताचा आळ? "अहो," ती साखरेच्या पाकासारख्या आवाजात म्हणाली, "आपण किती शहाणे आहात! चला, आईसमोरच विचारू."

"मावशी, हा एकच पीस उरलाय बरं का!" साईराज मागून ओरडला. पण ऐकतंय कोण?

देवळात नूतननं जनूला जाब विचारला. म्हणजे अगदी हात जोडून विचारला, "जनूकाका, देवी अशी दोन तोंडांनी कशी हो बोलते?"

जनू खवळला. "माझी आई खोटी नाय! पिढ्यान् पिढ्या कौल लावतोय आमी!"

तेवढ्यात पायरीवर बसलेली ठमाबाई कंबरेवर हात ठेवून उठली. "खोटी नाय तं मंग माझ्या नातीचं काय रे जनू? आमच्या किमयासाठी कोलाडचा पोरगा इचारला, उजवी पडली. नागोठण्याचा इचारला, तवापण उजवी! पोरीला काय दोन घरी नांदवू?"

"माझंपण तसंच," एक म्हातारबुवा खांबाआडून म्हणाले. "म्हस इकू का? व्हय. ठेवू का? व्हय. आता ती म्हस माझ्याकडं बघून हसते!"

देवळात एकच कल्ला! जनू म्हणतोय विचारणाऱ्याचं मन साफ नाय, ठमाबाई म्हणतेय तुझे हात साफ नाय, आणि प्रवीण सगळ्यांना समजावतायत, "थांबा, थांबा!" दुसरं काही त्यांना येतच नव्हतं!

"पुन्हा लाव!" ठमाबाई गरजली.

जनूनं तणतणत नव्या कळ्या लावल्या. आणि तेवढ्यात लाईट गेली.

घर्र घर्र करणारा एक आवाज हळूहळू थांबला. सगळ्यांनी वर पाहिलं. गाभाऱ्याच्या दाराशी, भिंतीवर, देवीच्या उजव्या अंगाला तोंड करून, एक झकास नवा पंखा! त्याच्या वाऱ्यानं उजवी कळी भराभर वाळत होती आणि दर वेळी आधी पडत होती. देवी बिचारी काही बोललीच नव्हती. बोलत होता तो पंखा!

"कुठल्या शहाण्यानं हा पंखा इथे बसवला?" नूतन म्हणाली. सोमवार असून तिचा आवाज चढला! "देवाच्या दारात असला आगाऊपणा करायचा? जरा तरी अक्कल—"

जनू गुरव मान खाली घालून म्हणाला, "बाय, तूच तं दिलास. गेल्या गणपतीत."

ठमाबाईनं पदर तोंडाला लावला!

खरंच की. गेल्या हंगामात कॉम्प्युटर पहिल्यांदा कण्हला, तेव्हा नूतननंच नवस बोलला होता, "आई, एवढा सीझन हे मशीन चालू दे, तुझ्या गाभाऱ्याला पंखा देईन." मशीन चाललं होतं. पंखा आला होता. पात्यावर तिचं नावही होतं, पण फिरत्या पात्यावरचं नाव वाचणार कोण?

प्रवीण हसले नाहीत. तीस वर्षांच्या संसारात माणूस एवढं तरी शिकतोच.

बिनवाऱ्याच्या कळ्या मग पडल्याच नाहीत. आईला या विषयात काही बोलायचं नव्हतं. शेवटी ती पदर खोचून उठली आणि आयुष्यात पहिल्यांदा कुणालाही न विचारता म्हणाली, "मी डिस्क घेणार. आत्ता!"

"चल," प्रवीण म्हणाले. चक्क थांबले नाहीत!

दोघं मोटरसायकलवरून अष्टमीत पोचली, तर साईराज शटरपाशीच डोकं खाजवत उभा.

"मावशी, ती डिस्क गेली गं. आमच्या शेजारचे काळुरामकाका घेऊन गेले. मी म्हटलं, मावशीसाठी ठेवलीय, तर म्हणाले, देवीचा उजवा कौल घेऊन आलोय, मला अडवतोस? आता पुढचा माल आला की. आणि भाव... तो तू विचारूच नकोस."

नूतन मटकन स्टुलावर बसली. प्रवीणनी घसा साफ केला.

"एक सांगू? तू विचारलंस घेऊ का, आई म्हणाली घे. मी विचारलं थांबू का, आई म्हणाली थांब. आता घ्यायची तर आहेच, आणि थांबायचं पण आहे. दोन्ही कौल खरे!"

नेमाचा सोमवार होता म्हणून प्रवीण वाचले.

दुसऱ्या सकाळी नूतननं बटण दाबलं. चाक फिरायला लागलं, आतलं कण्हणं सुरू झालं. तिनं अथर्वशीर्ष म्हटलं, मग देवीचं स्तोत्र म्हटलं, आणि शेवटी डोळे मिटून नवा नवस बोलली, "आई, माल येईस्तोवर एवढं चालू दे. पंखा सोडून काहीही माग!"