तिसऱ्या विचारणेची तरतूद

जानेवारीतल्या बर्फवादळात तीन दिवस वीज नव्हती, तरी उत्तर मिनेसोटातल्या आमच्या गावातली टोलेफ्सरूड आणि स्कोगमो ही दोन्ही घरं शेवटपर्यंत ऊबदार राहिली. टाउनशिपच्या अहवालात तशी नोंद आहे, खाली सह्याही आहेत. मात्र असं काही झालं नाही असं समजून पुढचं वाचावं, कारण ते झालंच नाही.

पहिल्या सकाळी व्हर्लिन टोलेफ्सरूड तळघरातल्या भट्टीपुढे जाऊन उभा राहिला. भट्टी गॅसवर चालते. गॅस होता. पण गरम हवा वर ढकलणारा पंखा विजेवर, आणि पंख्याशिवाय पेटायचं नाही अशी भट्टीला कारखान्यातूनच शिकवण. मागच्या शेडमध्ये, उन्मळून पडलेल्या बर्चच्या झाडांचं दोन हिवाळे पुरेल एवढं सरपण रचलेलं होतं. ते जाळायला शेगडी नव्हती.

शेगडी समोरच्या ऑर्विन स्कोगमोकडे होती. त्याच्याकडे सरपण टोपलीभर उरलं होतं.

प्रश्न इथेच सुटला असता. पण आमच्याकडे कुणी काही देऊ केलं की पहिल्यांदा नको म्हणायचं, दुसऱ्यांदा नको म्हणायचं आणि तिसऱ्यांदा "बरं, एवढं म्हणतोयस तर" असं म्हणून घ्यायचं. पहिल्याच खेपेला हो म्हणणारा एक माणूस गावात होता. तो हल्ली शेजारच्या आयोवा राज्यात असतो.

दहा वाजता ऑर्विन आला.

"शेगडी पेटवलीय. या दोघं."

"छे छे, आमचं मस्त चाललंय," व्हर्लिन म्हणाला. त्याच्या तोंडातून वाफ निघाली. दोघांनीही तिच्याकडे पाहिलं नाही.

"अरे, कॉफी तरी?"

"नको रे, उगाच त्रास. तूच माझी लाकडं ने की."

"आहेत की माझ्याकडे."

"थोडी तरी ने."

"नको नको, ढीग पडलाय."

मग दोघं तिसऱ्या विचारणेची वाट बघत उंबरठ्यावर थांबले. तिसऱ्यांदा विचारणं म्हणजे समोरच्याला खरोखर गरज आहे असं तोंडावर म्हणणं. एवढा अपमान शेजाऱ्याचा कोण करणार? "बरंय मग," म्हणून ऑर्विन गेला.

"'कॉफी तरी' ही दुसरी विचारणा, का नव्या विषयाची पहिली?" तीन कोटांच्या आतून व्हर्लिनच्या बायकोने, आर्डिसने, त्याला विचारलं.

"दुसरी."

"मग येईल परत. बस गप्प."

तो आला नाही. दुसऱ्या दिवशी ती दोघं फ्रिजचं दार उघडून समोर बसली, कारण आत जरा ऊब होती. तिथे आर्डिसला ऑर्विनचं काचेचं भांडं दिसलं. परत करायच्या निमित्ताने जाता येणार होतं. पण भांडं रिकामं परत करत नाहीत. तिने त्यात गोठलेले वाटाणे भरले आणि व्हर्लिनला पाठवलं.

दार उघडलं. ऑर्विन कमरेपर्यंत झोपायच्या पिशवीत होता.

"ये ना आत."

दिवस नवा, मोजणी नवी. ही पहिलीच. "नको, बूट ओले आहेत."

"काय आणलंस?"

"वाटाणे."

"गोठलेत."

"ताजेच आहेत. शेगडी बरी चाललीय ना?"

"झकास!" ऑर्विन म्हणाला आणि उड्या मारत आत गेला.

तिसऱ्या दिवशी आर्डिस म्हणाली, "मला पायाची बोटं जाणवत नाहीत. आता त्याने विचारलं तर मी पहिल्यांदाच हो म्हणणार."

व्हर्लिन पांढराफटक पडला. "आर्डिस, आपल्याला याच गावात राहायचंय."

ती थेट शेडमध्ये गेली, हातभर लाकडं उचलली आणि ऑर्विनचं दार ठोठावलं.

"लाकडं आणलीत. घे. आम्हीही येतो शेकायला."

"छे छे, उगाच त्रास," ऑर्विनच्या तोंडून आपोआप गेलं. त्याचे दात वाजत होते.

"अरे, घे रे!"

"नको नको, खरंच नको."

आर्डिसने तिसऱ्यांदा तोंड उघडलं आणि तेवढ्यात दोन्ही घरांतले दिवे लागले. तिने लाकडं उचलून परत नेली.

दुपारी टाउनशिपच्या कारकूनबाई अहवाल घेऊन आल्या. "ऊब होती का?" दोन्ही घरं म्हणाली, "मस्त," आणि सह्या झाल्या.

त्याच अहवालाला आम्ही गावकऱ्यांनी अर्ज जोडला: दर नोव्हेंबरात सर्व घरांना सर्व गोष्टी दोनदा विचारल्या गेल्या व दोनदा नाकारल्या गेल्या असं जाहीर करावं, म्हणजे हिवाळ्यात थेट तिसऱ्या विचारणेपासून सुरुवात करता येईल.

"मंजूर करून टाकू का?" बाईंनी विचारलं.

"छे छे," आम्ही सगळे म्हणालो, "उगाच त्रास."

सबब, भुकेल्या पोटी कुणाच्या घरी "आत्ताच जेवून आलो" असं म्हटलेल्या सर्व वाचकांनी या अर्जाखाली सही करावी, ही नम्र विनंती. सही करायची नसल्यास तसं दोनदाच कळवावं.