सुभेदारांचा उंचीवरचा इलाज

आमचे सकपाळ सुभेदार कुणाला राम राम घालत नाहीत, थेट खालची पापणी ओढतात. "डोळा बघू गो!" म्हणत काउंटरवरून हात आत. महाडच्या एसटी स्टँडजवळ माझं औषधांचं दुकान आहे. दुकान माझं, तपासणी त्यांची. एकदा त्यांनी एका परक्या गिऱ्हाइकाची पापणी ओढली. तो बिचारा आला होता कंगवा घ्यायला, लोहाच्या गोळ्या घेऊन गेला.

फौजेत असताना काही वर्षं ते लेहला होते आणि तिथल्या डॉक्टरचं एक व्याख्यान यांच्या डोक्यात कायमचं बसलं. "वर हवा पातळ. पयलं कळतं कुणाला? काळजाला? नाय! किडनीला! किडनी हुकूम सोडते, हाडातला मगज कामाला लागतो, लाल पेशींची पलटण उभी! समझी? आन तुम्ही लोक किडनीला नुसती मुतारी समजता!" हे भर दुकानात, बायाबापड्यांसमोर. मी कपाळाला हात लावायची. पण खोटं कसं म्हणू? त्या हुकुमाचं नाव एरिथ्रोपोएटिन, किडनीतून निघणारं हार्मोन. म्हातारा अगदी बरोबर सांगत होता.

पोलादपूरच्या वरच्या अंगाला एका वाडीत सुभेदार आणि काकी दोघंच राहतात, मुलगा-सून मुंबईला. मागल्या हिवाळ्यात काकींना कळशी उचलताना धाप लागायला लागली. सुभेदारांनी पापणी बघितली, तर पांढरीफटक. आता माणसाने डॉक्टर गाठावा की नाही? यांनी गाठला घाट! काकींना एसटीत घालून महाबळेश्वरला भाच्याकडे घेऊन गेले. "पंधरा दिवस उंचीवर ऱ्हा. रक्त आपोआप." रोज सकाळ-संध्याकाळ फिरवायचे. काकी चार पावलांवर थांबल्या की म्हणायचे, "लागू दे दम. किडनीला कळू दे!"

काकी खाली उतरल्या त्या आणखीच फिकट. मग एकदाचे डॉक्टर, तपासण्या. तिथून सुभेदार कागद घेऊन सरळ माझ्याकडे आले आणि टोपी काढून स्टुलावर बसले.

"हिची किडनीच नासलीय गो. हुकूम सोडणारीच आजारी, आन मी तिला डोंगर चढवत होतो. जगाला शिकवलं मी. घरात एकदा तपासून घेतलं नाय."

मला चांगलं खडसावायचं होतं. शब्द ओठावर आले होते. पण त्यांनी कागद माझ्यापुढे सरकवला आणि मी ते गिळून टाकले.

"डॉक्टरांनी लिहून दिलंय ते तेच औषध आहे," मी म्हटलं. "किडनीचा हुकूम, सुईतून."

"खरंच?" म्हणाले आणि टोपी परत डोक्यावर घातली.

तेव्हापासून दर आठवड्याला इंजेक्शन न्यायला बर्फाचा थर्मास घेऊन हजर. मी एकदाच बजावलं होतं, थंड ठेवा, पण बर्फाला चिकटू देऊ नका, गोठलं तर वाया गेलं. म्हणून ते इंजेक्शन काकींच्या जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळून थर्मासात ठेवतात आणि थर्मास मांडीवर घेऊन पोलादपूरपर्यंत ताठ बसून जातात. शेजारच्याने थट्टेने "काय वो सुभेदार, आइस्क्रीम?" विचारलं तरी बोलत नाहीत. एरवी हा माणूस गप्प बसणाऱ्यातला नव्हे.

परवा काकी स्वतः दुकानात आल्या. रक्त थोडं चढलंय, चेहऱ्यावर कळतं. सुभेदार बाहेर गाडीची चौकशी करत होते. माझा राग काही पुरता गेला नव्हता, म्हणून मी विचारलंच, "काकी, एवढा दम लागत होता तर पंधरा दिवस वर राहिलात कशाला? खाली न्या म्हणायचं ना सरळ!"

काकींनी बाहेर एकदा बघून घेतलं आणि पदर तोंडाला लावून हसल्या.

"लगीन झाल्यापास्नं पयल्यांदा मला कुठं फिराया न्हेलं गो त्यांनी. धाप लागते म्हणून परत कशी येऊ?"